चूकभूल द्यावी घ्यावी

दिवाळीत पेढीवर चोपडापूजन होते आणि नव्या वहीचे पहिले पान उघडते. गुजराती व्यापारी हिशेबाखाली ‘भूलचूक लेवीदेवी’ लिहितो. आपण ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ लिहितो. आपल्या दुभाषी मुलखात ही दोन्ही वाक्ये रोज डोळ्यांखालून जातात, पण त्यांतला विचार क्वचितच मनात येतो. लिहिणारा प्रामाणिक असला तरी चुकू शकतो, हे येथे आधीच कबूल केलेले असते. पैशाची चूक उद्या परत देता-घेता येते. जिथे चुकीची किंमत माणसाच्या प्राणाने मोजली जाते, तिथे काय द्यायचे आणि काय घ्यायचे?

१६ डिसेंबर २०१५ रोजी रात्री मुंबई विमानतळावर एअर इंडियाचे एअरबस ए-३१९ जातीचे विमान हैदराबादला निघण्याच्या तयारीत होते. ते जागेवरून मागे ढकलून झाले होते आणि देखभाल विभागातला एक तंत्रज्ञ अजून जवळच उभा होता. चालू इंजिनाने त्याला आत ओढून घेतले आणि तो जागीच गेला. खालून मिळणाऱ्या इशाऱ्याबाबत गैरसमज झाला, असे तेव्हा सांगण्यात आले. विमान जमिनीवरच होते; वादळ नव्हते, घातपात नव्हता.

कामरेजच्या चार रस्त्यावर ट्रक मागे घेताना पाहावे. क्लीनर पत्र्यावर थाप मारतो आणि वर बसलेला ड्रायव्हर, मागचे काही दिसत नसताना, त्या थापेवर विश्वास ठेवतो. विमान काय, ट्रक काय. वरच्याचे डोळे खालच्याच्या हातात असतात आणि खालच्याचे प्राण वरच्याच्या. हा विश्वास मोडला, तर दोषी कोण?

आपले बोट पटकन शेवटच्या हाताकडे वळते. पण लंडनच्या हीथ्रो विमानतळावर १८ जून २०२१ रोजी घडलेली गोष्ट पाहा. ब्रिटिश एअरवेजच्या बोइंग ७८७ विमानात एका बिघाडाची तपासणी चालू होती. त्यासाठी चाके वर घेण्याची कळ फिरवायची होती. चाके खरोखर मिटू नयेत म्हणून आधी त्यांच्या सांगाड्यात अडसराच्या खिळी घालाव्या लागतात. पुढच्या चाकाच्या भोकापर्यंत मुख्य मेकॅनिकचा हात पोचेना. त्याने बोटाने जागा दाखवली. सहकाऱ्याने खीळ शेजारच्या भोकात घातली. कळ फिरली, पुढचे चाक मिटले आणि विमान नाकावर आपटले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. पण चौकशीत जे पुढे आले ते विचार करण्यासारखे आहे. असा घोटाळा पूर्वीही झाला होता. ते दुसरे भोक बुजवण्याचा आदेश जानेवारी २०२० मध्येच लागू झाला होता. त्याला छत्तीस महिन्यांची मुदत होती आणि या विमानाचे काम अजून व्हायचे होते. म्हणजे नियम कोणी मोडला नव्हता. तरी विमान कोसळले!

मग चूक खीळ घालणाऱ्या हाताची, बोटाने जागा दाखवणाऱ्याची, की भोक उघडे ठेवणाऱ्या मुदतीची? केवळ त्या हाताला शिक्षा केली, तर भोक तसेच राहते आणि उद्या दुसरा हात तिथेच चुकतो.

यावर कोणी म्हणेल, अशाने कोणीच जबाबदार ठरणार नाही. ‘यंत्रणेचा दोष’ म्हटले की सारे मोकळे. हा आक्षेप रास्त आहे. ज्या घरचा कर्ता माणूस गेला, त्या घराला ‘यंत्रणा’ हा शब्द कसा पुरेल? म्हणून चूक आणि बेपर्वाई यांत भेद केलाच पाहिजे. ठाऊक असूनही तपासणी टाळणारा, न पाहता सही ठोकणारा, आणि समोर दिसणारा धोका खर्चासाठी पुढे ढकलणारा वरिष्ठ, हे ‘भूलचूक’ या शब्दाच्या आड लपू शकत नाहीत. त्यांना शासन हवेच.

परंतु जो प्रामाणिकपणे चुकला, त्याच्याकडून आपल्याला एक गोष्ट हवी असते, ती म्हणजे सत्य. विमान अपघातांच्या चौकशीचा आंतरराष्ट्रीय दंडक हेच सांगतो: चौकशीचा हेतू पुढचा अपघात टाळणे हा आहे, दोष वाटणे हा नव्हे. दोषाचा न्याय निराळ्या ठिकाणी व्हावा. ज्या घरात, वर्गात वा कारखान्यात चुकीचा पहिला शब्द उच्चारताच हात उगारला जातो, तिथे दुसरी चूक सांगितली जात नाही. ती झाकली जाते. आणि झाकलेली चूकच पुढे जीव घेते.

तेव्हा ‘द्यावी’ म्हणजे चुकणाऱ्याने आपली चूक वेळेवर उघड करून द्यावी. आणि ‘घ्यावी’ म्हणजे वरिष्ठाने ती ऐकून घ्यावी, आपला वाटा पत्करावा आणि उघडे भोक त्याच दिवशी बुजवावे. यंदा वहीखाली ते तीन शब्द लिहिताना एवढा अर्थ मनात असला, तरी पुष्कळ झाले.