रकान्यातला शब्द

स्कॉटलंडात पिंपातली व्हिस्की वर्षाकाठी सुमारे दोन टक्के उडून जाते. त्याला ते ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. (आमच्याकडे देवचाराला वाटा देतात, आणि तो फेणीचा!) आपल्या उष्म्यात कितीतरी अधिक उडते, पण दारू लवकर मुरते. २०१० च्या आपल्या ग्रंथात जिम मरे या इंग्रज चवपारख्याने बंगळूरच्या ‘अमृत फ्यूजन’ला जगात तिसरे स्थान दिले, २०१२ मध्ये कुंकळ्ळीची ‘पॉल जॉन’ लंडनात पोचली. आपल्याला अभिमान वाटला. मी घेत नाही, तरी मलाही वाटला.

आणि इथेच एक जुनी गोष्ट टोचते. धारगळच्या डोंगरात मार्च ते मे बोंडू मळतात, भट्ट्या पेटतात. एकदा गाळले की हुर्राक, पुन्हा गाळले की फेणी. मी नवा शिक्षक असताना असा एक भट्टीवाला मुलाला घेऊन आला. ‘व्यवसाय?’ ‘भट्टी, सर.’ मी रकान्यात ‘शेती’ लिहिले. मुलाचे भलेच केले, असे वाटले. मुलगा माझ्या पेनाकडे पाहत होता.

फेणीने मोडलेली घरे मी पाहिली आहेत, व्हिस्कीनेही मोडतात. मग साहेबाने गुण दिले तर ती चव आणि शेजाऱ्याने गाळली तर लाज, हा कुठला न्याय? २००९ मध्ये काजूफेणीला भौगोलिक मानांकन मिळाले, २०१६ मध्ये सरकारने तिला वारसा पेय ठरवले. मला शहाणपण तेव्हा सुचले.

गेल्या जूनमध्ये तोच मुलगा आपल्या मुलीला घेऊन आला. भट्टी आता तो चालवतो. रकान्यापाशी मी थांबलो.

‘शेतीच लिहा, सर,’ तो म्हणाला. ‘तेव्हा तुम्हीच लिहिलं होतं.’