चित्रगुप्ताची वही आणि निळी वीज

पाप आणि पुण्य यांचा जमाखर्च कोठेतरी लिहिला जात असतो, ही समजूत आपल्याकडे इतकी जुनी आहे की तिच्याविषयी शंका घेणारासुद्धा तो लिहिणाऱ्या कारकुनाचे नाव मात्र अचूक सांगतो. यमाच्या दफ्तरातला हा चित्रगुप्त मोठा निःस्पृह फडणीस खरा. परंतु ज्याचे खाते त्याला ते जिवंतपणी कधी पाहावयास मिळत नाही. जमा किती, बाकी किती, हे मेल्यावर कळावयाचे. ही गुप्तता म्हणजे केवळ दफ्तरी शिस्त, असे मी पुष्कळ वर्षे मानीत आलो. तिच्यात नीतिशास्त्राचा केवढा गाभा दडला आहे हे मला एका अमेरिकन व्हिडिओ गेमने शिकविले, आणि हे कबूल करण्यात माझ्या वयाच्या मनुष्याला संकोच वाटावा असे काही आहे, असे मला वाटत नाही.

गेमचे नाव ‘इन्फेमस’. वॉशिंग्टन राज्यातल्या ‘सकर पंच’ या कंपनीने तो २००९ साली प्लेस्टेशन ३ या यंत्रासाठी तयार केला. भाच्याने खेळावे आणि मी शेजारच्या खुर्चीत बसून पाहावे, असा आमचा काही रविवारांचा परिपाठ होता. कथानायक कोल मॅग्राथ हा एम्पायर सिटी नावाच्या काल्पनिक महानगरात सायकलवरून पुडकी पोहोचविणारा साधा हरकारा. त्याच्या हातातल्या पुडक्याचाच एके दिवशी स्फोट होतो, हजारो माणसे मरतात, आणि हा मात्र शरीरात वीज घेऊन जिवंत उठतो. पाठोपाठ रोगराई पसरते, सरकार शहराच्या वाटा बंद करते, आत गुंडांच्या टोळ्यांचा अंमल सुरू होतो. येथवरची सामग्री कोणत्याही महामानवाच्या कथेत सापडेल अशीच आहे. तिच्यावर अधिक शाई खर्चण्याचे कारण नाही.

माझे लक्ष वेधले ते पडद्याच्या कोपऱ्यातल्या एका लहानशा मापकाने. त्याला त्या मंडळींनी आपलाच शब्द उचलून ‘कर्म’ असे नाव दिले आहे. नायकाने सत्कृत्य केले की ते निळ्या बाजूस झुकते, दुष्कृत्य केले की लाल बाजूस; आणि जसजसे ते झुकत जाईल तसतशी त्याच्या हातातली वीजही निळी किंवा लाल होते, रस्त्यावरचे लोक त्याचा जयजयकार करतात किंवा त्याला दगड मारतात. उपाशी गर्दीसमोर विमानातून पडलेले अन्न सर्वांना घेऊ द्यावे, की विजेचा झटका देऊन गर्दी पांगवावी आणि ते आपल्या मित्रांसाठी राखावे, असा प्रश्न आरंभीच उभा राहतो. त्या क्षणी खेळ थांबतो आणि नायकाचे मन दोन्ही पक्षांची कैफियत स्वच्छ मांडून दाखविते.

या स्वच्छपणातच पहिली खोट आहे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’तले ‘कर्मजिज्ञासा’ हे प्रकरण ज्यांनी वाचले असेल, त्यांना ठाऊक आहे की धर्मसंकट म्हणजे चांगले आणि वाईट यांतली निवड नव्हे. चांगले कोणते हेच न कळणे, किंवा दोन कर्तव्यांनी एकमेकांचा गळा धरणे, म्हणजे धर्मसंकट. कर्णपर्वात कृष्णाने सांगितलेला तो सत्यव्रती कौशिक पाहा. दरोडेखोरांनी विचारले तेव्हा त्याने माणसे कोठे लपली आहेत ते खरे खरे सांगितले, माणसे मारली गेली, आणि कौशिकाला नरकाची वाट धरावी लागली. या बिचाऱ्याच्या पडद्यावर असले मापक असते तर ते अखेरपर्यंत निळेशार दिसले असते, आणि हीच त्या मापकाची लायकी समजावी.

दुसरी खोट अधिक खोल आहे, आणि ती मला एका दुपारी एकाएकी दिसली. एम्पायर सिटीच्या फुटपाथांवर जखमी माणसे कण्हत पडलेली असतात; त्यांना विजेचा सौम्य स्पर्श करून बरे केले की थोडे निळे कर्म जमा होते. भाचा त्या दिवशी आपल्या खात्यात किंचित कमी पडत होता म्हणून गल्लोगल्ली जखमी शोधीत धावत होता, आणि एका वळणावर एकही जखमी न दिसल्याने तो खरोखर वैतागून म्हणाला, “मामा, आज कोणीच पडलेलं नाही!” मी हसलो खरा, पण नंतर मला एकादशीच्या दिवशीच्या देवळाच्या पायऱ्या आठवल्या, जेथे दाता चिल्लर मोजून आणतो आणि ओळीने बसलेल्यांच्या थाळीत एकेक नाणे टाकीत जातो, आणि ओळ संपली पण नाणी उरली तर त्याच्या मुद्रेवर हाच वैताग दिसतो. ज्याला पुण्याचा हिशेब दिसतो त्याला दुसऱ्याचे दुःख कच्चा माल वाटू लागते. चित्रगुप्ताने वही झाकून का ठेवली, याचे उत्तर मला त्या पायऱ्यांवर मिळाले.

शिवाय या हिशेबात एक चमत्कारिक कलम आहे. उच्च प्रतीच्या शक्ती पूर्ण निळ्याला किंवा पूर्ण लालालाच मिळतात; मध्ये रेंगाळणाऱ्याच्या पदरी काही पडत नाही. म्हणून खेळणारा पहिल्या दिवशीच ठरवून टाकतो की या खेपेस साधू व्हावयाचे की सैतान, आणि मग पुढे एकही निवड तो करीत नाही, केवळ ठरलेल्या रकमेचे हप्ते भरतो. तुमच्या-माझ्यासारख्या मिश्र प्रकृतीच्या माणसाला, जो सकाळी उदार आणि संध्याकाळी कृपण असतो, या राज्यात वतन नाही.

एवढे दोष सांगूनही मी हा गेम टाकाऊ म्हणणार नाही, कारण त्याच्या कथेला त्याच्या मापकापेक्षा अधिक कळते. केसलर नावाचा खलनायक कोलची प्रेयसी ट्रिश हिला एका इमारतीवर लटकावून ठेवतो आणि दुसरीवर सहा डॉक्टरांना; वाचवायचे तर एका बाजूस. डॉक्टरांकडे धाव घेतली तर निळे, प्रियेकडे घेतली तर लाल. टिळकांनी ‘पुष्कळांचे पुष्कळ सुख’ या पाश्चात्त्य मतावर जी हरकत घेतली होती, की नीती डोकी मोजून ठरत नाही, बुद्धीवरून ठरते, ती येथे लागू पडते. एकीवरचे प्रेम सहा हा आकडा पाहून पाप कसे ठरावे? पण कथेने यापुढे जे केले ते विलक्षण आहे. प्रियेकडे धावलेल्या कोलला कळते की जिला वाचविले ती ट्रिश नव्हेच. ती त्या सहांमध्ये होती. ट्रिश दोन्ही वाटांनी मरते. फळ सर्वस्वी हाताबाहेर, हाती उरला तो केवळ हेतू, ही गोष्ट शंभर प्रवचनांनी जितकी ठसणार नाही तितकी त्या पोराच्या चेहऱ्यावर मला ठसलेली दिसली.

आणि मग केसलरचे रहस्य उलगडते. तो कोलच आहे: भविष्यातला, म्हातारा, एका महासंहारापुढून पळालेला, पूर्वीच्या आपणास त्या संकटासाठी कठोर करावे म्हणून काळ उलटून आलेला. ट्रिश ही त्याच्या त्या आयुष्यात त्याची पत्नी होती, आणि तिला त्याने स्वतःच्या हाताने मृत्यूच्या तोंडी दिले. योगवासिष्ठाची शिकवण अशी की दैव म्हणून वेगळे काही नाही, पूर्वीचे आपलेच पौरुष दैवाच्या रूपाने समोर येते. या कथाकारांनी ते वासिष्ठ वाचले असेल असे मला मुळीच वाटत नाही. परंतु त्यांनी तो सिद्धांत उलटा टांगला आहे. येथे पुढच्या आयुष्यातले पौरुष मागे येऊन दैव होऊन बसले आहे. कोल ज्याला शत्रू म्हणून शोधीत फिरला तो त्याचाच अजून न केलेला संकल्प होता. संचित, प्रारब्ध, क्रियमाण या आपल्या जुन्या वाटणीत हे कर्म कोणत्या खाती घालावे? टिळकांनी ही त्रयी कमी करून ज्याचे भोग सुरू झाले ते आणि ज्याचे सुरू झाले नाहीत ते, असे दोनच भेद पुरेसे मानले. केसलरचे कर्म केले गेलेलेच नाही, आणि त्याचा भोग मात्र सुरू झाला आहे. मी हा प्रश्न एका वेदान्ती स्नेह्यापुढे ठेवला, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग चहा मागविला.

भाच्याने दुसऱ्यांदा खेळ लावला तो मुद्दाम लाल मार्गाने. त्या इमारतींच्या प्रसंगापाशी तो पुन्हा पोहोचला तेव्हा त्याचे मापक पूर्ण लाल होते. त्यात आणखी काही मावण्यासारखे नव्हते, आणि वर लटकलेली बाई ट्रिश नव्हे हेही त्याला ठाऊक होते. तरी तो तिच्याकडेच चढू लागला.

“अरे, ती ट्रिश नाही ना?” मी म्हणालो.

“माहीत आहे, मामा. ट्रिश कुठेच वाचत नाही.”

“मग चढतोस कशाला?”

त्याने उत्तर दिले नाही. त्याचे अंगठे चालूच होते.