बंद खिडकीआडचा घास

बदलीचा हुकूम माणसाला हलवतो, त्याच्या सेवापुस्तकाला हलवतो, भांड्यांच्या खोक्यांना आणि मुलांच्या शाळेच्या दाखल्यांनाही हलवतो. जिभेवर मात्र त्याचा अंमल चालत नाही. महाराष्ट्राबाहेर नोकरीची वर्षे काढणाऱ्या वाचकांना हे निराळे सांगावयास नको. जिभेच्या या हट्टाविषयी आपल्या मंडळींत बोलणे निघते ते बहुधा थट्टेचे. आमसुले कोणी आणली, गोडा मसाला कोणाकडे उरला आहे, यापलीकडे ते जात नाही. परंतु या हट्टाच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, असे आम्हांला अलीकडे वाटू लागले आहे. तो असा : शेजाऱ्याला न रुचणारा आपल्या घरचा पदार्थ आपण खिडकी लावून शिजवतो, तेव्हा ती खिडकी सौजन्याने लावलेली असते की लाजेने?

पदार्थाचे नाव सांगितल्यावाचून प्रश्नाला वजन येणार नाही. तो पदार्थ म्हणजे सुका बोंबील. ओला बोंबील हा जवळजवळ पाण्याचाच मासा. त्याच्या वजनात शेकडा ८५हून अधिक भाग पाणी असते, आणि जाळ्यातून निघाल्यावर तो फार वेळ तग धरीत नाही. म्हणून वर्सोवा, अर्नाळा, सातपाटी येथील किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवांना आडव्या दोऱ्या ताणून, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून, तो जोडीजोडीने वाळत घालतात. ऊन आणि वारा एवढेच त्याचे संस्कार. पावसाळ्यात समुद्र खवळतो, होड्या वर ओढून ठेवल्या जातात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीला कायद्यानेच बंदी असते. त्या दिवसांसाठी आगोटीला घराघरांत जी बेगमी होते, तीत हा बोंबील मानाने बसतो. तव्यावर भाजून, कांदा आणि लाल तिखट घालून कुटलेली त्याची चटणी व तांदळाची भाकरी एवढ्यावर आमच्या कित्येक पिढ्यांनी पावसाळे काढले. ज्याला या वासाचा तिटकारा आहे, त्याने एवढे ध्यानात घ्यावे की तो वास एका समाजाच्या काटकसरीचा आहे.

जयपुरास आल्यावर पहिली दोन वर्षे आम्ही रजेवरून परतताना तो डब्यात बांधून आणीत असू. झाकणाभोवती दोन पदरी कागद, त्यावर फडके, त्यावर दोरी. तरी गाडीच्या डब्यात समोरचा प्रवासी एकदा तरी नाक वर करून इकडेतिकडे पाहीच. पुढे एका सहकाऱ्याने जुन्या शहरातील एका गल्लीचा पत्ता दिला. जयपुरात जडजवाहिराच्या कामावर बंगालमधून आलेले कारागीर पुष्कळ आहेत. हे नाते तसे जुनेच. १७२७ साली सवाई जयसिंगाने हे शहर वसविले, तेव्हा त्याच्या आखणीत विद्याधर भट्टाचार्य या बंगाली विद्वानाचा मोठा हात होता. त्या गल्लीतल्या लहानशा दुकानात मोहरीच्या तेलाच्या डब्यांमागे, पोत्याच्या तळाशी, आमचा बोंबील आम्हांला भेटला. दुकानदार त्याला 'लोटे' म्हणतो आणि वाळवलेल्या माशाला 'शुटकी'. शेकडो मैलांवरच्या वाळूत, परक्या नावाने वावरणाऱ्या आपल्या माणसाला ओळखावे, तसा तो आनंद होता.

परंतु त्या दुकानदाराच्या एका वाक्याने आम्हांला विचारात पाडले. त्याचे वडील पूर्व बंगालमधले. तो म्हणाला, "साहेब, शुटकी आम्ही खातो, कलकत्त्याचे जुने लोक आम्हांला त्यावरून हसतात." म्हणजे जी रेघ आमच्या घरातून जाते, तीच त्यांच्याही घरातून जाते! आपण 'मराठी चव' असा शब्द सहज वापरतो. पण २०१४ सालच्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी शेकडा सुमारे ४० जणांनी आपण शाकाहारी असल्याचे सांगितले होते. राजस्थानात हे प्रमाण शेकडा सुमारे ७५ होते. तेव्हा सगळा राजस्थान शाकाहारी आणि सगळा महाराष्ट्र आपल्या पंक्तीला, अशी विभागणी करून चालत नाही. परप्रांतात आपण उत्सवाला एकत्र जमतो, तेव्हा पानात पुरणपोळी असते, श्रीखंड असते, साबुदाण्याची खिचडी असते. सर्वांना चालेल तेच तेथे वाढले जावे, हे योग्यच. फक्त त्या पंक्तीत न बसणारे जे कोणी आहे, ते मराठी नव्हे, असा अर्थ हळूहळू त्यातून निघू लागतो, आणि तो निघू लागला हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. आम्हांला मिळालेल्या ठेव्याची वार्ता आम्ही अशाच एका मेळाव्यात उत्साहाने सांगितली, तेव्हा एक वडीलधारे गृहस्थ हलक्या आवाजात म्हणाले, "इकडे हे फारसे बोलू नका हो. आपल्या लोकांचे नाव जाते." लाजेचा पहिला धडा परप्रांतीयाने दिलेला नव्हता, तो आपल्याच माणसाने दिला होता.

आम्ही राहतो ती इमारत सरकारी, जिना सामाईक, आणि समोरचे कुटुंब माहेश्वरी, कडक वैष्णव. बोंबील भाजावयाचा झाला की स्वयंपाकघराची जिन्याकडील खिडकी लावून घेण्याची रीत आमच्या घरी पहिल्यापासून आहे. यात आम्हांला कधी काही खटकले नव्हते. दुसऱ्याच्या नाकाचा विचार करणे हा शेजारधर्मच आहे. परंतु एके दिवशी दुसरीत शिकणाऱ्या आमच्या मुलीने भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचारले, "बाबा, हे आपण चोरून खातो का?" सौजन्याच्या ज्या कृतीचा आम्हांला अभिमान होता, तिच्यातून मुलीने निराळाच पाठ उचलला होता. बाहेरून पाहता सौजन्य आणि लाज यांची मुद्रा एकच असते : दोन्ही खिडकी लावतात.

महाराष्ट्राच्या इतिहासात या प्रश्नाचे एक गाजलेले उदाहरण आहे. १८९० साली पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदी मंडळी जमली असता त्यांच्यापुढे चहा आला. कोणी तो घेतला, कोणी पेला तसाच ठेवला. पुढे वर्तमानपत्रात नावे छापून आली आणि गावात वादळ उठले. पेल्यात काय होते यापेक्षा ते चारचौघांत आले, याचाच बोभाटा अधिक झाला. १८९२ साली रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. आपल्याबरोबर गुंतलेल्या मित्रांची अडचण दूर व्हावी, या विचाराने त्यांनी ते घेतले; कित्येक सुधारकांनी मात्र त्यास दुबळेपणा म्हटले. कृती एकच, एकाला ती दुसऱ्यासाठी सोसलेली झीज दिसली, दुसऱ्याला माघार. मग या दोहोंत भेद कशाने करावयाचा?

आम्हांला सुचणारी कसोटी अशी : सौजन्य दुसऱ्याचा त्रास वाचवते, पण विचारल्यावर खरे सांगते. लाज त्रास वाचवीत नाही, ती आपल्याला वाचवते. आणि म्हणूनच विचारल्यावर ती विषय बदलते. खिडकी लावली की नाही, हे गौण आहे. "आज काय शिजले?" या साध्या प्रश्नाला आपण काय उत्तर देतो, तेथे निवाडा होतो.

ही कसोटी आमच्या घरापुरती लागली ती शीतळा अष्टमीच्या निमित्ताने. होळीनंतरच्या त्या दिवशी इकडे चूल पेटवीत नाहीत. आदल्या दिवशीचे थंड अन्न खातात. समोरच्या बाईंनी केर-सांगरीची वाटी आणून दिली. सांगरी म्हणजे खेजडीच्या झाडाच्या कोवळ्या शेंगा. उकडून, वाळवून वर्षभर ठेवतात. ज्या मुलखात पाऊस न आल्यास हिरवे पान दिसत नाही, तेथील ही बेगमी. दुष्काळात तर खेजडीच्या सालीचे पीठ करूनही लोकांनी दिवस काढले आहेत. बाई आपल्या माहेरच्या कोरड्या वर्षांविषयी बोलल्या आणि शेवटी त्यांनी आमच्या गृहिणींना विचारले, "तुमच्याकडे भाजी नसेल त्या दिवसांत काय करतात?" विषय बदलणे सोपे होते. गृहिणींनी सरळ सांगितले : आमच्याकडे पाऊस फार पडतो म्हणून मासा मिळत नाही, तेव्हा आम्ही वाळवलेला मासा खातो, येथेही आणतो. बाई क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "एकादशीला आणि कार्तिकस्नानाच्या महिन्यात तेवढे सांभाळा. बाकी दिवस तुमचे."

त्यांना बोंबील आवडू लागला नाही आणि लागणारही नाही; त्याची गरजही नाही. आमच्या दिनदर्शिकेवर मात्र आता एकादशांना खुणा आहेत आणि कार्तिकात डबा फडताळाच्या वरच्या खणात जातो. खिडकी आम्ही पूर्वीप्रमाणेच लावतो. फरक इतकाच की, ती का लावली हे आता जिन्याच्या दोन्ही बाजूंना ठाऊक आहे, आणि मुलीलाही.

या विवेचनाला एक मर्यादा आहे, ती नमूद केलीच पाहिजे. आमच्या डोक्यावर सरकारी छप्पर आहे. खरे बोलल्याने ते उडून जात नाही. खाजगी घरात भाड्याने राहणाऱ्या ज्या माणसाला उत्तरासरशी खोली सोडावी लागेल, त्याने मौन पाळले तर त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. तेथे उत्तर देण्याची जबाबदारी ज्याने प्रश्नाला धमकीचे रूप दिले त्याची आहे. परंतु आपल्यापैकी जे सुरक्षित आहेत, पदाने, पगाराने वा घराने, त्यांना ही सवलत नाही. विशेषतः आपल्याच मेळाव्यांत आणि पंक्तींत तर मुळीच नाही. शेजाऱ्यासाठी आपण वर्षातून पन्नासएक दिवस डबा बंद ठेवू शकतो. आपल्या आजीच्या हातची चव आपल्याच लोकांपासून लपवावी लागेल, तर ती बंद खिडकी सौजन्याची राहत नाही. मुलांना चव पुढे मिळेल न मिळेल. मासा कदाचित त्या गल्लीतूनही एक दिवस नाहीसा होईल. पण घरात जे शिजते त्याचे नाव मोठ्याने उच्चारता येते, एवढे तरी त्यांना आपल्याकडून मिळावे.