निकालानंतरची पैज

इंग्लंडच्या डोरोथी पेजेट (१९०५–१९६०) यांचा दिवस संध्याकाळी उजाडायचा. घोड्यांच्या ट्रेनरला फोन अपरात्री, आणि जग जागं झालं की बाई झोपायला. वडील लॉर्ड, आई अमेरिकेतल्या व्हिटनी घराण्यातली. पैशाची ददात कधी नव्हतीच.

त्यांच्या ‘गोल्डन मिलर’ या घोड्याने १९३२ ते १९३६ अशी सलग पाच वर्षं चेल्टनहॅमचा गोल्ड कप जिंकला. १९३४ मध्ये तर पाठोपाठ ग्रँड नॅशनलही, म्हणजे सुमारे साडेचार मैलांची, तीस अडथळ्यांची दमछाक. एकाच वर्षी हे दोन्ही मारणारा दुसरा घोडा आजवर झालेला नाही. १९४३ ची डर्बीही पेजेटबाईंच्याच ‘स्ट्रेट डील’ने घेतली. ट्रेनरांशी मात्र त्यांचं फार काळ पटत नसे, आणि पैजांत गेलेल्या पैशाला तर सुमारच नाही.

लहरी श्रीमंत म्हणून त्यांना इथेच सोडून देता आलं असतं. पण त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. त्या उठायच्या तेव्हा दुपारच्या शर्यती आटोपलेल्या असायच्या. धावून झालेल्या त्या शर्यतींवर त्या रात्री पैज लावायच्या आणि बुकी ती घ्यायचे! संशयावर ज्याचं पोट चालतं, त्या माणसाला खात्री होती की बाई निकाल आधी विचारणार नाहीत. अशा पैजाही त्या हरायच्या, हे विशेष. मला ही गोष्ट पाच गोल्ड कपांहून मोठी वाटते. गोल्डन मिलर शेवटी विकतच घेतलेला होता.

ट्रेनर वगळता, दिलेला शब्द आणि धरलेलं माणूस, दोन्ही त्यांनी सोडलं नाही. अनेक शाळांनी घालवून दिलेली ही मुलगी पॅरिसमध्ये राजकन्या वेरा मेश्चेर्स्काया यांच्या शाळेत रमली होती. रशियन क्रांतीत सर्वस्व गमावून आलेल्या म्हाताऱ्यांसाठी काही करावं, ही त्या बाईंची तळमळ. पेजेटबाईंनी पैसा दिला आणि १९२७ मध्ये पॅरिसजवळ सेंत-जेनव्हिएव्ह-दे-ब्वा इथे वृद्धाश्रम उभा राहिला. नाव ‘रशियन घर’, पेजेट नव्हे. तिथल्या दफनभूमीत नोबेलविजेते इव्हान बुनिन आहेत, चित्रपट दिग्दर्शक आंद्रेई तारकोव्स्कीही. रशियन घर आजही चालू आहे.