रांगेतली क्षमा

उद्धटाशी कसे वागावे, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे आणि त्याची उत्तरेही पुष्कळ आहेत. परंतु ती उत्तरे बहुधा दोन माणसांपुरती असतात. एक उद्धट, दुसरा सज्जन. मध्ये तिसरा मनुष्य आला, की ती डळमळू लागतात. गेल्या उन्हाळ्यात येथील समता कॉलनीत आमच्या मंडळींचा जो वाद दोन-तीन संध्याकाळी रंगला, तो वस्तुतः या तिसऱ्या मनुष्याविषयीचा होता, असे आमचे मत आहे.

निमित्त क्षुल्लक होते. बदलीच्या नोकरीमुळे रायपुरात आलेली चार-पाच मराठी कुटुंबे शहराबाहेरच्या एका जलक्रीडा उद्यानात गेली होती. मे महिन्यातला रविवार, छत्तीसगडचे ऊन, आणि उंच घसरगुंडीच्या जिन्यावर पाऊण तासाची रांग. आम्ही निम्म्या जिन्यावर आलो असता सात-आठ तरुणांचा एक जथा खालून आला आणि 'हमारा आदमी आगे है' असे म्हणत, सर्वांना खांद्याने बाजूस सारीत वर निघाला. पुढे त्यांचा कोणीही नव्हता. आमच्यापैकी लेखापरीक्षण खात्यातले एक वयस्क गृहस्थ भिंतीला चिकटून उभे राहिले व हसून म्हणाले, "जाऊ द्या हो, पाच मिनिटांचा तर प्रश्न!" त्यांच्या मागे बँकेत अधिकारी असलेल्या एक बाई होत्या. त्यांनी मात्र जथ्यातल्या शेवटच्या दोघांना चांगलेच खडसावले. थोडी बाचाबाची झाली, ते दोघे पुरुटत खाली उतरले, बाकीचे पुढे गेलेच. दोघांपैकी सभ्यपणे कोण वागले, हा वादाचा विषय.

बहुमत गृहस्थांच्या बाजूचे होते, आणि ते समजण्यासारखे आहे. मराठी घरात वाढलेल्या मनुष्याच्या मनात सहनशीलतेचे एकच चित्र असते. पैठणास गोदावरीवरून स्नान करून परतणारे एकनाथ महाराज, आणि त्यांच्या अंगावर पुन्हा पुन्हा थुंकणारा तो मनुष्य. नाथ प्रत्येक वेळी शांतपणे नदीवर परत गेले. शेवटी थुंकणाराच थकला आणि शरण आला. ही कथा ज्याने लहानपणी ऐकली, त्याला घसरगुंडीच्या जिन्यावर आवाज चढविणे असंस्कृतपणाचे वाटल्यास नवल नाही.

तथापि कथेतील एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. थुंकी पडत होती ती नाथांच्या अंगावर. श्रम त्यांचे, वेळ त्यांचा, स्नानही त्यांचेच. जे सर्वस्वी त्यांचे होते तेच त्यांनी दिले. समजा, नाथांच्या मागून घाटावरून चाळीस माणसे येत असती, आणि तो मनुष्य त्या प्रत्येकावर थुंकत असता. तर नाथांनी त्या सर्वांच्या वतीने हसून त्याला क्षमा केली असती काय? आम्हांला तसे वाटत नाही. तापलेल्या वाळवंटात रडणारे अस्पृश्याचे मूल ज्यांनी लोकनिंदेची पर्वा न करता उचलून घेतले, तेही हेच नाथ. स्वतःच्या अंगावर आलेले सोसावे आणि दुसऱ्याच्या अंगावर आलेले सोसू नये, हा भेद त्यांच्या चरित्रात स्पष्ट आहे. आपण त्यातला अर्धाच भाग उचलला, कारण तो सोयीचा आहे.

जिन्यावरच्या गृहस्थांनी पाच मिनिटे दिली खरी. परंतु त्यांच्या मागे पन्नास-साठ माणसे होती, आणि त्या प्रत्येकाची पाच मिनिटे त्याच वाक्याबरोबर गेली. स्वतःच्या खिशातून देणे हे औदार्य. सार्वजनिक तिजोरीतून देणे याला काय म्हणतात, हे लेखापरीक्षकास आम्ही सांगावे असे नाही.

यावर कोणी म्हणेल की मागच्यांना तोंडे होती, त्यांनी बोलावे. येथे एका अमेरिकन संशोधनाचा दाखला देण्यासारखा आहे. स्टॅन्ली मिलग्राम या मानसशास्त्रज्ञाने न्यूयॉर्क शहरातील 129 रांगांत आपली माणसे मुद्दाम मध्ये घुसवून पाहिली. हा अभ्यास त्याच्या निधनानंतर, 1986 साली, प्रसिद्ध झाला. एकटाच मनुष्य घुसला तेव्हा 54 टक्के रांगांत कोणी ना कोणी हरकत घेतली. परंतु घुसणाऱ्याच्या लगेच मागे मिलग्रामचीच दोन माणसे मुकाट्याने उभी केली, तेव्हा हरकत निघाली ती अवघ्या 5 टक्के रांगांत. दोघांच्या मौनाने सबंध रांगेची वाचा बसली! ज्याचा हक्क सर्वांत प्रथम बुडाला तोच स्वस्थ, तेव्हा आपण कोण, असे मागचे समजतात. आमचे गृहस्थ भिंतीला चिकटले तेव्हा ते तटस्थ राहिले नाहीत. त्यांनी मागच्यांच्या तोंडावर हात ठेवला.

आता बाईंविषयी. त्यांनी बोलावे हे योग्यच होते. कसे बोलावे, हा प्रश्न उरतो. वनपर्वात द्रौपदी युधिष्ठिराला प्रल्हादाचे मत ऐकविते, की सदा उग्रपणाही बरा नव्हे आणि सदा क्षमाही बरी नव्हे. पहिला अपराध आणि अजाणता झालेला अपराध क्षम्य. जाणूनबुजून केलेला नव्हे. रांगेतही हे लागू पडते. खेड्यातून प्रथमच आलेल्या कुटुंबाला रांगेचे शेपूट सापडत नाही, त्याला हात धरून दाखवावे. 'हमारा आदमी आगे है' म्हणणाऱ्यास मात्र रांग म्हणजे काय हे पूर्ण ठाऊक असते. एरवी त्याला ही थाप सुचतीच ना.

पण बाई म्हणाल्या, "तुम पीछे जाओ." त्यांच्या मनात मराठीतले 'तुम्ही' होते, अनोळखी माणसाला लावावयाचे आदरार्थी 'तुम्ही'. ऐकणाऱ्याच्या कानी पडले ते हिंदीतले 'तुम', जे परक्याला लावणे म्हणजे त्याला कमी लेखणे. तो तरुण संतापला तो हरकतीमुळे नव्हे, या एका सर्वनामामुळे, "आप 'तुम' करके कैसे बोल रही हैं?" हे त्याचे पहिले वाक्य. आणि चुकणारा अपमानित झाला, की आपली चूक तत्काळ विसरतो. परमुलखात नोकरी करणाऱ्या आपल्यापैकी किती जणांची किती भांडणे या 'तुम'ने लावली असतील, कोण जाणे. कचेरीत हाताखालची माणसे ऐकून घेतात, म्हणून ते आपल्याला कळतही नाही.

परमुलखाचा उल्लेख वादातही झाला. आपण येथे पाहुणे, आपण कशाला बोला, असे एकाचे म्हणणे पडले. 1956 पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते व राजधानी नागपुरास होती. शेजारच्या चौबे कॉलनीतले महाराष्ट्र मंडळ 1935 पासूनचे आहे. तेव्हा पाहुणेपणाची सबब येथे फारशी टिकत नाही. शिवाय रांगेतली जागा अधिवासाच्या दाखल्यावर मिळत नाही, आधी येण्याने मिळते. रांगेत एवढी एकच ज्येष्ठता चालते.

आणि हेच आपल्या वर्गाला जड जाते. अधिकारी सहकुटुंब कोठे जावयाचा असला, की आदल्या दिवशी दूरध्वनी जातो, शिपाई पुढे जातो, बाजूचे दार उघडते. म्हणजे 'हमारा आदमी आगे है' हे वाक्य साहेबाचेही आहेच. फरक इतकाच, की साहेबाचा माणूस खरोखर पुढे उभा असतो. रांगेतले लोक त्या वेळी भिंतीला चिकटून हसतात, आणि तो आदर आहे असे साहेब समजतो. पंढरपुरात आषाढी एकादशीच्या पहाटे मुख्यमंत्री शासकीय महापूजा करतात, तेव्हा दर्शनाच्या बारीतले एक वारकरी दाम्पत्य त्यांच्यासमवेत पूजेस बसते. गोपाळपूरपर्यंत लांबलेल्या बारीची त्याने भरपाई होत नाही. पण बाहेर कोणी ताटकळत उभे आहे, याची निदान पोच दिली जाते. साहेबाच्या बाजूच्या दारापाशी तेवढीही मिळत नाही.

वादाच्या शेवटी एका तरुण अभियंत्याने नवाच मुद्दा काढला. डिस्नेच्या अमेरिकेतील उद्यानांत रांग टाळण्याची सवलत 1999 साली सुरू झाली ती विनामूल्य होती. 2021 पासून तिला वेगळे पैसे पडू लागले. पैसे भरणारा कोणालाही धक्का देत नाही, खोटे बोलत नाही, 'आप' म्हणतो आणि हसतमुखाने दुसऱ्या दाराने पुढे जातो. मागच्यांची मिनिटे त्याच्यामुळेही जातात. ती विकली मात्र उद्यानाच्या मालकाने, आणि मागच्यांना कोणी विचारले नाही. याला उद्धट म्हणावयाचे की नाही? लेखापरीक्षक म्हणाले, पावती आहे, तेव्हा आक्षेप नाही. बाई म्हणाल्या, पावती कोणाच्या मालाची आहे ते आधी पाहा. त्यावर पुन्हा चहा झाला, आणि मंडळींत अजून मतभेद आहे.