देवघेवीतला जादा रकाना

टपाल तिकिटांची अदलाबदल करणारे चार जण जमले, की आजकाल लगेच एक गूगल शीट तयार होते. कोणी कोणाला काय पाठवलं, तिकीट कोरं की शिक्का पडलेलं, पाकीट पोचलं का. इथवर सगळं ठीक. मग कोणीतरी 'कॅटलॉगमधली किंमत' असा रकाना वाढवतं, खाली बेरीज लावतं, आणि प्रत्येक नावापुढे येणं-देणं उभं राहतं. या आकड्याने छंदातल्या मैत्रीचं काय होतं?

'मैत्रीत हिशोब कसला?' हे उत्तर सोपं आहे, पण अपुरं. दिलेलं आपल्याला लख्ख आठवतं, घेतलेलं अंधूक. नोंद नसेल तर नुकसान होतं ते सतत देणाऱ्याचं. तो भांडत नाही, हळूहळू पाठवणं थांबवतो. आपल्याकडे लग्नात आहेराची यादी करतात ती काही कंजूषपणा म्हणून नव्हे. कोणी आपली आठवण ठेवली, हे विसरू नये म्हणून.

पण यादी वेगळी आणि बाकी वेगळी. स्टॅन्ली गिबन्सच्या कॅटलॉगमधली किंमत म्हणजे तो विक्रेता स्वतः ज्या भावाला तिकीट विकेल तो भाव. संग्राहकाला विकताना तेवढे पैसे मिळतीलच असं नाही. शीटमध्ये मात्र तोच आकडा न्यायाचा काटा होऊन बसतो. समजा, गटात बारा वर्षांची एक मुलगी आली. तिच्याकडे पत्रांवरून सोडवलेली साधी तिकिटं. बेरजेच्या हिशोबात ती कायमची कर्जदार, आणि शीट सामाईक असल्यामुळे ते सगळ्यांना दिसणार. जुन्या संग्राहकाने तिला मूठभर तिकिटं आनंदाने दिली असतील, तरी सूत्राला आनंद कळत नाही.

मालिनोव्स्कीने १९२२ च्या ग्रंथात ट्रोब्रिआंड बेटांवरच्या 'कुला' देवघेवीचं वर्णन केलं आहे. शिंपल्यांच्या माळा एका दिशेने फिरतात, शंखाची कडी उलट दिशेने. परतफेड करायचीच असते, पण ती कितीची हे परत करणारा ठरवतो. घासाघीस चालत नाही. घासाघिशीच्या व्यापाराला तिथे 'गिमवाली' हा वेगळा शब्द आहे, आणि कुलात तसं वागणाऱ्याला नावं ठेवतात. म्हणजे व्यापार त्यांना ठाऊक होता. दोन्हींची सरमिसळ त्यांना नको होती.

शेजारणीचा डबा रिकामा परत करू नये, असं आपणही म्हणतो. त्यात काय घालायचं हे मात्र कोणी मोजून सांगत नाही. देणं कधीच पूर्ण फिटत नाही, म्हणून तर डबा फिरत राहतो.

म्हणून नोंद ठेवावी, अगदी तारखेसकट. बेरीज करू नये. याची किंमत आहे. कोणी नुसताच घेत राहिला तर तसं त्याला तोंडावर सांगावं लागेल. ते अवघड जातं, म्हणूनच आपण ते काम सूत्रावर ढकलतो. पण ज्याला एवढंही सांगता येत नाही, त्याच्याशी आपली अदलाबदल असेल. मैत्री आहे का, हे तपासायला हवं.