साधनाचा भार आणि मुलांचा खेळ

सोलापूरचे ग्रामदैवत श्रीसिद्धरामेश्वर यांच्याविषयी ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात एक प्रसंग आला आहे. बाराव्या शतकात सोन्नलिगे नगरीत, म्हणजे परंपरेनुसार आजच्या सोलापुरात, सिद्धराम तलाव खोदण्याच्या आणि मंदिरे उभारण्याच्या कार्यात निमग्न असताना संत अल्लमप्रभू तेथे आले, आणि माती-दगडांची ही सारी खटपट आत्मज्ञानाच्या कोणत्या उपयोगाची, असा कठोर प्रश्न त्यांनी केला. तो ऐकून क्षुब्ध झालेल्या मजुरांनी त्यांच्यावर दगड फेकले, असे कथा सांगते. अखेरीस सिद्धरामांना प्रभूंचे म्हणणे पटले व ते त्यांच्यासह कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, गेले. परंतु तलाव बुजविण्यात आला नाही, तो आजही मंदिराभोवती आहे. पुण्यकर्म हे साधन आहे आणि साधनातच गुंतून पडलेला मनुष्य साध्याला मुकतो, हा अल्लमांचा आक्षेप मला आज एका सर्वस्वी निराळ्या क्षेत्रात, मुलांच्या खेळांच्या बाबतीत, पुन्हा विचारावासा वाटतो.

कारण खेळांविषयी सरकारी दप्तरांत आणि सेवाभावी संस्थांच्या अहवालांत आज जो विचार रूढ झाला आहे, तो सर्वथा साधनाचा विचार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात दहा जीवनकौशल्ये सांगितली. आत्मभान, समानुभूती, निर्णयशक्ती, ताणतणावांना सामोरे जाण्याची क्षमता ही त्यांतलीच. त्याच संघटनेने २०२० साली ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे तरी मध्यम ते तीव्र स्वरूपाचा व्यायाम घडावा, अशी शिफारस केली. या दोन्ही गोष्टींची सांगड घालून मैदानावरच मुलांना आरोग्याचे आणि व्यवहाराचे शिक्षण द्यावे, अशी तजवीज अनेकांनी केली आहे. नागपुरात विजय बारसे यांनी २००१ साली झोपडपट्टीतील मुलांसाठी फुटबॉलच्या निमित्ताने जे कार्य आरंभिले, ते तर सर्वश्रुत आहे. या प्रयत्नांविषयी माझ्या मनात आदरच आहे. तथापि प्रश्न उरतो तो असा की, मूल खेळते ते कौशल्य मिळविण्यासाठी काय? आणि तसे ते खेळू लागले, तर त्याला खेळ म्हणावे काय?

या प्रश्नाचे उत्तर ग्रंथांत शोधण्यापूर्वी मैदानावर शोधावे, आणि त्यासाठी सोलापूर जिल्ह्यासारखी दुसरी जागा नाही. माळशिरस तालुक्यातील वेळापूर हे गाव यादवकालीन अर्धनारीनटेश्वराच्या मंदिरासाठी जितके प्रसिद्ध आहे, तितकेच ते खो-खोच्या वर्तुळात तेथील खेळाडूंमुळे परिचित आहे. आणि देवाच्याच नावाने तेथे क्रीडामंडळ चालावे, ही गोष्ट मला विशेष अर्थपूर्ण वाटते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास या खेळाला नियमांची चौकट दिली, आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस भरलेल्या पहिल्या विश्वचषकात भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी विजेतेपद मिळविले. मला सांगावयाचे आहे ते मात्र विजेतेपदाविषयी नव्हे, त्या चौकटीविषयी.

मधल्या पाटीवर आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसलेले असतात आणि नववा पाठलाग करतो. त्याला बसलेल्यांच्या मधून पलीकडे जाता येत नाही, एकदा धरलेली दिशा वाटेत बदलता येत नाही, आणि परतावयाचे तर खांबापर्यंत जावे लागते. उलट ज्याचा पाठलाग होतो आहे तो मात्र हुलकावण्या देत हवा तसा वळू शकतो. म्हणजे सामर्थ्य ज्याच्या हाती, त्याच्यावरच बंधने अधिक! पुढचा गडी समोरून पळत असला तरी बसलेल्या मुलीने पाठीवर हात पडून ‘खो’ ऐकू आल्याखेरीज उठावयाचे नाही, आणि खो देणारीने तत्क्षणी तिच्या रिकाम्या झालेल्या जागी बसावयाचे, मग आपणच हा गडी टिपणार अशी तिची कितीही खात्री असो. संयम, तत्परता, श्रेयाचा त्याग आणि पाठीमागच्या न दिसणाऱ्या सहकाऱ्यावरील विश्वास यांचे याहून नेटके शिक्षण कोणत्या नीतिपाठाने दिले असेल, ते मला ठाऊक नाही. परंतु ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्या क्षणी त्या मुलीच्या मनात यांपैकी एकही शब्द नसतो. तिच्या मनात फक्त समोरून पळणारा गडी असतो. मी त्यागाचे शिक्षण घेत आहे असा विचार तिने केला, की खो द्यावयास उशीर झालाच समजावे.

ब्रह्मसूत्रांत सृष्टीच्या निर्मितीला लीलेची उपमा दिली आहे, आणि शंकराचार्यांनी भाष्यात ज्याच्या साऱ्या इच्छा पुरल्या आहेत अशा राजाच्या क्रीडेचा दाखला देऊन ती उलगडली आहे. पूर्णकाम ईश्वराला सृष्टीपासून काही मिळवावयाचे नाही, म्हणून त्याच्या कृतीला क्रीडेवाचून दुसरे नाव शोभत नाही, असा तो विचार आहे. आमच्याच जिल्ह्यात पंढरपूरच्या वाळवंटात वारकऱ्यांनी हा विचार देहाने जगून दाखविला. पन्नाशी-साठी उलटलेली माणसे वीणा-पताका बाजूस ठेवून फुगड्या घालतात, हुतूतू खेळतात. संतांनी चेंडूफळी, हमामा, टिपरी यांवर अभंग रचले. आषाढी पौर्णिमेस गोपाळपुरात काला होतो. त्या फुगडीचा हेतू काय, असे कोणी विचारीत नाही, आणि तरीही त्या वाळवंटाने जातीपातीच्या अहंकाराचे जे विसर्जन क्षणभर का होईना घडविले, ते उपदेशांनी घडले नाही. फळाचा संकल्प सोडून केलेले कर्मच फळाला येते, हे गीतेचे म्हणणे खेळाइतके अन्यत्र क्वचितच प्रत्यक्ष होत असेल.

येथे कोणी म्हणेल की, मग मुलांना मोकळे सोडावे, जीवनकौशल्ये आणि आरोग्य यांची चिंता कशाला? हा निष्कर्ष मला सपशेल अमान्य आहे. शाळाशाळांच्या भिंतींवर एक संस्कृत वचन रंगविलेले असते: शरीर हेच धर्माचे पहिले साधन. ते ‘कुमारसंभवा’च्या पाचव्या सर्गातील आहे हे पुष्कळांना माहीत असते, परंतु ते कोणत्या प्रसंगी उच्चारले गेले, याचा विचार फारसा होत नाही. उग्र तप करणाऱ्या पार्वतीकडे ब्रह्मचाऱ्याच्या वेषात आलेला शिव तिला प्रथम विचारतो की समिधा आणि दर्भ सहज मिळतात ना, स्नानाजोगे पाणी आहे ना, आपल्या शक्तीच्या मर्यादेतच तप करतेस ना; आणि मग ते वाक्य येते. म्हणजे ज्या वचनाचा आम्ही मुलांना हुकूम म्हणून उपयोग करतो, ते मुळात आस्थेची विचारपूस आहे, आणि त्या विचारपुशीत पाण्याचा उल्लेख आहे. नळाला रोज पाणी न येणाऱ्या सोलापूर शहरात तो उल्लेख मला अतिशय गंभीर वाटतो.

सोलापूर हे गिरण्यांचे, मागांचे आणि विड्यांचे शहर. गिरण्यांचे भोंगे थांबले. पण पूर्व भागातील घराघरांत आईच्या मांडीवरील सुपात तंबाखू आणि तेंदूची पाने अजून आहेत, आणि त्या घरातील मूल तंबाखूची भुकटी श्वासाबरोबर घेतच वाढते. कुंभारीच्या माळावर विडी कामगार स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावे सुमारे दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, हे मोठेच काम झाले. परंतु अशा वस्तीतील मुलीला तंबाखूच्या दुष्परिणामांवर व्याख्यान देऊन तिच्या हाती प्रतिज्ञापत्रक ठेवणे हा मला जवळजवळ अधर्म वाटतो. ज्या अन्नावर ती वाढली, ते तंबाखूच्याच मजुरीचे असते, आणि व्याख्यान तिला आईविषयी लाज बाळगावयास शिकविते. तीच मुलगी रोज तासभर धावू लागली की आपला श्वास कुठे अडखळतो, उपाशीपोटी डोळ्यांपुढे अंधारी का येते, पाळी आली म्हणून मैदान सोडावे लागते की नाही, हे प्रश्न ती आपण होऊन विचारते. अशा वेळी ज्या ताईंनी तिला खो-खो शिकविला, त्यांनी रक्त तपासून घेण्याविषयी, लोहाच्या गोळीविषयी, गूळ-शेंगदाणे आणि पालेभाज्यांविषयी सांगितलेले चार शब्द तिच्या अंगी लागतात, कारण ते तिच्या स्वतःच्या प्रश्नाचे उत्तर असतात.

धर्म आणि देहशिक्षण यांचे नाते या शहराला नवीन नाही. सिद्धरामेश्वरांच्या संक्रांतीच्या यात्रेत बाराबंदी घातलेले मानकरी जे सात उंच नंदीध्वज कमरेच्या आधारावर तोलून मिरवितात, त्यासाठी कित्येक आठवडे आधीपासून तरुणांचा सराव चालतो; आणि देह हेच देवालय, पाय हेच त्याचे खांब, असे सांगणारे बसवेश्वर सिद्धरामांचे समकालीन होते. तो वारसा आजवर बहुतांशी पुरुषांपुरताच राहिला, हे मात्र स्पष्ट बोलले पाहिजे.

म्हणून अल्लमांच्या प्रश्नाचे मला सुचणारे उत्तर असे की, साध्य आणि साधन यांची वाटणी वयाप्रमाणे करावी. मुलांच्या वाट्याला निर्हेतुक खेळ यावा. हेतू, हिशेब आणि चिंता यांचा सारा भार मोठ्यांनी उचलावा. सिद्धरामांच्या परंपरेत श्रमाला कायक म्हणतात, आणि तलाव खोदणे हे जसे त्यांचे कायक होते, तसे आमचे कायक समोर उघडेच पडले आहे. गणिताचा अभ्यासक्रम उरला म्हणून खेळाचा तास उसना घेण्याची वहिवाट मुख्याध्यापकांनी बंद करावी. प्रत्येक प्रभागात एक तरी मैदान लग्नमांडवांना आणि प्रदर्शनांना न देता मुलांसाठी राखून ठेवण्याचा ठराव महापालिकेने करावा आणि त्याचा अंमल होतो की नाही हे पाहावे. सोलापूरचा उन्हाळा लक्षात घेऊन सराव पहाटे किंवा दिवस कलल्यावर ठेवावा, मैदानाशेजारी पिण्याच्या पाण्याची टाकी आणि मुलींसाठी कडी लागेल असे स्वच्छतागृह असावे, आणि दिवसाच्या हजार विड्या पुऱ्या करण्यासाठी ज्या मुलीला आईजवळ बसावे लागते, तिच्या घरी शिक्षिकेने स्वतः जाऊन, आईचा चरितार्थ न दुखावता, तेवढा एक तास मागून आणावा.